सांधलेला भोपळा

गेल्या श्रावणात जयसिंगपुरातल्या एका घरी मला तंबोरा बघायला बोलावलं होतं. घरातले आजोबा गाणारे. ते गेल्यावर तंबोरा वीस वर्षं गवसणीतच होता. नातवाला तो विकायचा होता आणि इचलकरंजीहून गाणं शिकणारा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. नातू म्हणाला, "सर, अस्सल मिरजेचा आहे, शंभर वर्षांचा. साठ हजार तरी यायला पाहिजेत."

मी म्हटलं, "आधी गवसणी काढा."

आमच्या भागात प्रत्येक जुना तंबोरा मिरजेचाच असतो, निदान सांगितलं तरी तसंच जातं. उदगावचा पूल ओलांडला, अंकली मागं पडली की मिरज. राजर्षी शाहूंनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं आमचं गाव वसवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून मिरजेत तारा लागत होत्या. हा धंदा सुरू कसा झाला ते ठाऊक असल्याशिवाय जुन्या वाद्याची किंमत करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ही कला शिकलगारांची. तलवारी, भाले घडवायचे, त्यांना धार लावायची, हे त्यांचं पिढीजात काम. इंग्रजी अंमल आला आणि हत्यारांची मागणी आटली. मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं गवई यायचे, त्यांची वाद्यं मोडायची, आणि दुरुस्तीला ती या कसबी हातांकडे जायची. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी मोडकी वाद्यं खोलून, जोडून, त्यांची रचना समजून घेतली आणि मग स्वतःचा तंबोरा घडवला, अशी हकिकत सतारमेकरांच्या घराण्यांत सांगतात. म्हणजे मिरजेत आधी दुरुस्ती आली, घडवणं मागून आलं. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीचं अंग होतं. १९३७ साली ते गेले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी गाणं होतं. असा कानाचा माणूस शेजारी असल्यावर कारागिराला ढिलं काम करून चालत नसे.

परदेशी जुन्या गिटारच्या पारखीला कागदाचा आधार असतो. गिब्सन कंपनीची ईएस-३३५ ही अर्धपोकळ गिटार १९५८ साली आली. तिच्या अंगावरच्या फटीतून आत डोकावलं की चिठ्ठी दिसते, चिठ्ठीवर क्रमांक असतो. एखादी खुंटी बदललेली असली, रंग पुन्हा दिलेला असला, तरी तिची किंमत घसरते. आमच्या तंबोऱ्याला क्रमांक नाही. नावाची पट्टी असते, पण ती दोन खिळ्यांवर बदलता येते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण आजोबांच्या तंबोऱ्याला त्याचा उपयोग नाही. तिथं बोटं आणि कानच लागतात.

मी आधी भोपळा बघतो. हा कडू भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा, भीमाकाठचा. बोटाच्या पेरानं वाजवत सगळीकडून फिरायचं. सलग घुमला तर निरोगी, एखाद्या जागी आवाज बसका आला तर तिथं चीर. बारीक भोकं आणि खाली पीठ पडलेलं दिसलं, तर कीड लागलीय. मग एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकायची. तारांच्या ओढीनं ती वाकली आहे का? गळ्याशी, कोरलेल्या पानांखाली, सांधा उघडला आहे का? घोडीखाली तबली खचली आहे का?

शेवटी नक्षी. जुन्या किमती वाद्यांवर हस्तिदंत असे. १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९८६ची त्यातली दुरुस्ती यांमुळे तो आता व्यापारात आणता येत नाही. नंतर सेल्युलॉइड आलं, मग साधं प्लास्टिक. नातवाला मी पांढरी पट्टी अंगठ्यानं जोरात चोळून हुंगायला सांगितली. "कापरासारखा वास येतोय," तो म्हणाला. म्हणजे सेल्युलॉइड. मधावर आलेला तिचा पिवळेपणाही खरा होता, वरून दिलेला नव्हता.

पण भोपळ्याच्या पाठीला टीचभर लांब चीर होती, सांधलेली. नातवाचा चेहरा उतरला. खिडकीशी नेऊन उजेड तिरपा पडेल असा तंबोरा धरला. सांध्यावरून नख फिरवलं, कुठं अडकलं नाही. वरचं लाखेचं पॉलिश आजूबाजूच्या पॉलिशशी एकजीव झालेलं. पेरानं वाजवलं, तर तिथंही तसंच घुमलं.

मी दोघांनाही सांगितलं, या सांध्यापोटी एक रुपयाही कमी करायचा नाही. भोपळा फळ आहे, तो कधीतरी चिरणारच. चिरल्यावर तो कोणाच्या हाती गेला, हे महत्त्वाचं. ज्या कारागिरीचा जन्मच दुरुस्तीतून झाला, तिच्या वाद्यात दुरुस्तीला खोट कसं म्हणायचं? खोट असते ती झाकलेल्या चिरेत, जाड रंगाखाली लपवलेल्या सांध्यात.

मग हिशेब मांडला. तेवढ्याच मापाचा नवा तंबोरा मिरजेत आज केवढ्याला पडतो, तिथून सुरुवात. घोडीवर तारांच्या खाचा पडल्या होत्या, म्हणजे जवारी नव्यानं काढायला हवी. दोन खुंट्या सुटत होत्या. तारांचा संच नवा. हा खर्च वजा केला. मुरलेल्या लाकडाचं आणि भोपळ्याचं मोल वर धरलं. शंभर वर्षांना काही पुरावा नव्हता, सेल्युलॉइडवरून एवढं वय सिद्ध होत नाही, म्हणून वयाचे पैसे धरले नाहीत. बावीस हजारांवर दोघं राजी झाले. नातवाला मनातले साठ सोडायला जड गेलं, पण प्रत्येक वजाबाकी त्यानं स्वतः बोट लावून पाहिली होती.

त्याच दुपारी आम्ही तंबोरा घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. वयस्कर कारागिरानं तो मांडीवर घेतला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे काम चांगलं आहे. याला हात लावायचा नाही." मग त्यानं कानस उचलली आणि घोडीला लावली.