श्वानदंगलीपासून शस्त्रक्रियेपर्यंत

मुंबईने दंगली पुष्कळ पाहिल्या. पण कुत्र्यांच्या कैवाराने पेटलेली दंगल ही नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. ती घडली १८३२ सालच्या जून महिन्यात. पिसाळलेल्या जनावरांच्या भयाने कंपनी सरकारने उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस ठेवले होते. त्या लोभाने मारेकरी लोकांच्या पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. मृताला कुत्र्याची दृष्टी घडविण्याचा ‘सगदीद’ विधी पाळणाऱ्या पारशी समाजाला हे सहन होणे शक्य नव्हते. ६ जूनला, त्यांच्या पवित्र दिवशी, कोटात मारेकऱ्यांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद पडली व कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. हिंदू व जैन व्यापारीही या बंदात सामील झाले. पुढे १८३४ साली जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ निघाली.

मारणे आणि पोसणे हे दोन मार्ग परस्परविरुद्ध खरे. परंतु दोघांची दृष्टी आज हयात असलेल्या कुत्र्यांपुरतीच होती. उद्या जन्माला येणाऱ्या पिलांचा विचार दोहोंतही नव्हता. कुत्र्याची मादी सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सहा पिले सहज होतात. मारून मोकळी केलेली जागा, उकिरड्यावर अन्न असेतोवर, मोकळी राहत नाही. मद्रासचा अनुभव हेच सांगतो. तेथे १८६० च्या सुमारास कुत्री मारण्यास आरंभ झाला. १९९५ पर्यंत मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांची संख्या दिवसाला १३५ वर गेली, असे तेथील ब्ल्यू क्रॉस संस्थेने दाखवून दिले. उपाय चालू आणि रोगही वाढता!

तेव्हा तिसरा मार्ग पुढे आला : शस्त्रक्रियेने प्रजनन थांबवावे, रेबीजची लस टोचावी, खुणेसाठी कानाला खाच पाडावी आणि जनावर त्याच्या जागी सोडावे. १९९० नंतरच्या दशकात मुंबई व मद्रास या महापालिकांनी तो स्वीकारला; २००१ साली त्याचे देशव्यापी नियम झाले व २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नव्या नियमांतील एक कलम विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पाळीव जनावराचे लसीकरण व निर्बीजीकरण ही जबाबदारी त्याच्या मालकाची, असे ते स्पष्ट सांगते. गिरगावातील चाळ असो की रायपुरातील तेलीबांधा तलावाकाठची वस्ती, हे कर्तव्य एकच आहे.

आणि खरी अडचण येथेच आहे. बैल खच्ची करताना आपला शेतकरी कधी अडखळला नाही. पण घरच्या कुत्र्यामांजरांची गोष्ट निघाली की आपले मन कचरते. ‘खच्चीकरण’ हा शब्दच आपण मानहानीच्या अर्थाने वापरतो. ‘एकदा तरी पिले होऊ द्यावीत, मादीच्या प्रकृतीला ते बरे’ असा समज घरोघर आहे. त्याला वैद्यकाचा आधार नाही. उलट, वेळीच शस्त्रक्रिया झाली तर गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकार टळतो. शस्त्रक्रिया करताना भूल दिलेली असते आणि जखम थोड्याच दिवसांत भरते. त्याऐवजी टोपलीत घालून मंडईच्या कोपऱ्यावर गुपचूप सोडलेल्या पिलांचे काय होते, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. त्यांतील जी जगतात, त्यांचाच पुढे ‘बेवारशी’ म्हणून बंदोबस्त मागितला जातो.

१८३२ च्या मुंबईकरांनी कुत्र्याचा जीव वाचविण्यासाठी सरकारशी झुंज घेतली. ती दया थोर होती. परंतु तिला दूरदृष्टीची जोड हवी. जीव वाचविणे हे पुण्य खरे, पण ज्या जिवाला आपण थारा देऊ शकत नाही, तो जन्माला न घालणे हीही दयाच होय.