‘मी’ नावाचे दान : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील एक सूत्र

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी आगगाडी भंडारा जिल्हा ओलांडून जाते. वाटेत तुमसर रोड लागते. तुमसरपासून साधारण १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या कुशीत, आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंदाचा सुभेदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आल्यावर त्याचा तुरुंग झाला, आणि कैद्यांना किल्ल्यातील विहिरीचे कुजके पाणी पाजून मारीत, अशी आठवण त्या मुलखात अजून सांगितली जाते. माणसाच्या असण्याची किंमत किती, या प्रश्नाला सत्तेने दिलेले ते एक उत्तर होते.

याच लोहमार्गावर १८९३ साली, तिशी नुकतीच ओलांडलेले नारायण वामन टिळक प्रवास करीत होते. डब्यातील एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांना जागा दिली, काव्यावर गप्पा मारल्या, नव्या कराराची प्रत हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हा प्रसंग मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पण त्याच्या आड दडलेला एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. धर्मांतर करणारा माणूस नव्या जन्माबद्दल देवाचे आभार मानतो हे उघडच आहे. परंतु त्या आगगाडीत बसलेल्या जुन्या ‘मी’चे काय? त्याच्याबद्दलही कृतज्ञ राहता येते काय?

येथे एक भेद आधीच स्पष्ट करावयास हवा. स्वतःचे आभार मानणे आणि स्वतःबद्दल आभार मानणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. हल्लीच्या आत्मविकासाच्या पुस्तकांत पहिलीचाच बोलबाला असतो: आरशासमोर उभे राहावे आणि स्वतःलाच शाबासकी द्यावी. तेथे देणारा व घेणारा एकच असल्याने व्यवहार मुळात घडतच नाही. दुसऱ्या प्रकारात देणारा कोणी वेगळा असतो आणि ‘मी’ हे दान असते. आपला ‘कृतज्ञ’ हा शब्द या दृष्टीने मोठा अर्थपूर्ण आहे. केलेले जाणणारा तो कृतज्ञ. आता ‘केलेले’ म्हणजे मी स्वतःच असेन, तर?

ख्रिस्ती परंपरेत ही जाणीव फार जुनी आहे. आपल्या घडणीच्या नवलाबद्दल देवाची स्तुती करणारे १३९ वे स्तोत्र तर ख्रिस्तपूर्व काळातले. इसवी सन ४०० च्या आसपास संत ऑगस्टीनने लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’च्या पहिल्या खंडाचा शेवट याचा उत्कृष्ट नमुना आहे. लहानपणी आईबापांच्या कोठारातून चोऱ्या केल्या, खेळात लबाडी केली, असे सगळे कबूल करून झाल्यावर तो एकदम वळतो. मी होतो, जगत होतो, मला जाणीव होती, स्मरण होते, वाणी होती, मैत्रीचा आनंद होता. हे मी मला दिले नव्हते, हे सारे चांगले होते आणि हे सारे मिळूनच मी होतो, असा त्याचा आशय आहे. लॅटिन ‘कन्फेसिओ’ या शब्दात दोषाची कबुली आणि देवाची स्तुती हे दोन्ही अर्थ नांदतात. आपण त्याचे भाषांतर ‘कबुलीजबाब’ असे करतो आणि अर्धा शब्द गमावून बसतो.

१२५३ साली असीसीच्या सान दामियानो मठात संत क्लारा मृत्युशय्येवर होती. तू मला निर्माण केलेस म्हणून तू धन्य, अशा अर्थाचे तिचे अखेरचे बोलणे जवळच्या भगिनींनी पुढे संतपदाच्या चौकशीत साक्षीत सांगितले. तिने मठ उभारला, नियमावली लिहिली. आभार मात्र मानले ते यांपैकी कशाचेही नव्हे, आपल्या असण्याचे.

मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. उच्च कुळात जन्मलो असतो तर दंभात बुडालो असतो, म्हणून कुणब्याच्या जन्माला घातलेस हे बरे केलेस, अशा भावाचा तुकोबांचा अभंग प्रसिद्धच आहे. त्याला उपरोधाची धार आहे, पण कृतज्ञता खोटी नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, तेव्हा त्या पुलाचा हाही एक दगड असावा असे मला वाटते.

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत मात्र हा सूर सहज उमटलेला नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) पाहावे. नावातच रूपक आहे: अरुणोदय झाला म्हणजे आधी रात्र असली पाहिजे. पदमनजी प्रांजळ लेखक आहेत, बेळगावच्या बालपणाचे तपशील ते जिव्हाळ्याने टिपतात. पण चौकट अशी की प्रत्येक तपशिलाला अंधाराचा पुरावा म्हणून उभे राहावे लागते. जुना ‘मी’ आरोपीच्या पिंजऱ्यात आणि नवा ‘मी’ न्यायासनावर. वाचताना मला तरी त्या जुन्या मुलाची कणव येते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले. त्या तीर्थयात्रांचे आणि उपासमारीचे वर्णन त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात केले आहे, आणि जुन्या धर्मावर तेथे टीकाही कठोर आहे. तरीही १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांनी निघालेले ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक त्यांनी अर्पण केले ते आई लक्ष्मीबाईंच्या स्मृतीला; तिची शिकवण हाच आपल्या आयुष्याचा दिवा, असे मानून. अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीत झुगारून पत्नीला संस्कृत शिकवले, तिने मुलीला. अशा घडणीतून आलेली ही विदुषी पुढे हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करते. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. धर्म बदलला, पण घडवलेली बुद्धी टाकून दिली नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पदमनजी, रमाबाई, टिळक यांना समाजाने जन्मतः काही एक ‘मी’ दिलेला होता. अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशनकडे आलेल्या महार-मांग कुटुंबांना समाजाने काय दिले होते? तू विटाळ आहेस, हेच. त्यावर मिशनऱ्याने येऊन पुन्हा तू पापी आहेस एवढेच सांगितले असते तर तिरस्कारात भरच पडली असती. त्यांच्या दृष्टीने खरी सुवार्ता उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात होती: मनुष्य देवाच्या प्रतिरूपात केलेला आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी ख्रिस्ती न होताही देवासाठी ‘निर्मिक’ हा शब्द निवडला, ही गोष्ट मला या संदर्भात फार बोलकी वाटते. ज्याला कोणी निर्माण केले आहे, त्याला तुच्छ लेखणे म्हणजे निर्मात्यालाच तुच्छ लेखणे. स्वतःला तुच्छ लेखणेही त्यातच आले. आत्मनिंदा म्हणजे नम्रता, हा समज ख्रिस्ती सभांत आणि वारकरी फडांत सारखाच रुजलेला आहे. पण दान नाकारणारा नम्र कसा?

या साऱ्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अनन्य ठरतात. पहिला भाग १९३४ साली निघाला. १८५७ च्या धामधुमीनंतर आजोबांना फाशी झाली आणि वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने ठाण मांडले, येथून त्या सुरुवात करतात. हे घर सहज ‘रात्र’ ठरवता आले असते. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या हसतात. त्या छळाला, त्या धुण्या-पुसण्याला, स्वतःच्या भाबडेपणालाही. नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली, वर्षानुवर्षे माहेरच्या नातलगांच्या आधाराने राहिलेली, पुढे पुन्हा संसार मांडणारी आणि १९०० साली राहुरीला स्वतः बाप्तिस्मा घेणारी अशा सगळ्या लक्ष्मीबाई एकाच पंक्तीत बसतात. कोणालाही उठवले जात नाही. जातिभेद सोडतानाही त्या धर्मग्रंथाचा आधार शोधत नाहीत. जाती देवाने केल्या की माणसांनी, याचा त्या आपल्याच डोक्याने विचार करतात आणि मोकळ्या होतात. त्या डोक्यावर त्यांचा विश्वास आहे. पुस्तकात आभारप्रदर्शन शोधू गेल्यास फारसे हाती लागणार नाही. कृतज्ञता आहे ती सांगण्याच्या तऱ्हेत. ऑगस्टीनला जे युक्तिवादाने मांडावे लागले, ते या बाईने गोष्टी सांगत सांगत केले.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम अकरा अध्याय झाले होते. उरलेले बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने ग्रंथ जवळजवळ पूर्णत्वाला नेला. तो १९३८ साली छापून निघाला. त्याआधी दोन वर्षे, फेब्रुवारी १९३६ मध्ये, त्या गेल्या होत्या.