सिलिॲक रोगातील थकवा

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा करणाऱ्या सिलिॲक रोगाचे एक प्रमुख, पण सहज नजरेआड होणारे लक्षण. जुलाब, पोटफुगी आणि घटणारे वजन ही या रोगाची पुस्तकी ओळख. प्रौढांपैकी अनेकांचे पोट मात्र ठीक असते. तक्रार असते ती अंगातले त्राण गेल्याची. मुंबईच्या उपनगरांत तर ही तक्रार कोणी मनावर घेत नाही. बोरिवली किंवा मुलुंडहून रोज लोकलने ये-जा करणारा माणूस थकणारच, असे घरचे म्हणतात, आणि कधी कधी डॉक्टरही.

थकव्याचे मूळ अनेकदा रक्तक्षयात असते. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हा जनुकीय वारसा असलेल्या काही व्यक्तींत ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. इजा सर्वाधिक होते ती जठरानंतरच्या पहिल्या भागात, आणि लोह शोषले जाते तेही मुख्यतः तिथेच. त्यामुळे लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. एवढ्या गर्दीत सिलिॲकमुळे झालेला रक्तक्षय वेगळा उठून दिसत नाही; गोळ्या लागू पडत नाहीत हाच काय तो धागा.

फॉलिक आम्ल, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता, तसेच या रुग्णांत अधिक आढळणारा थायरॉईडचा स्वयंप्रतिकारी विकार यांमुळे थकव्यात भर पडते. शिवाय निदानानंतर गहू सोडलेल्या व्यक्तीच्या पोटात ग्लुटेन गेले, तर काही तासांत रक्तातील इंटरल्यूकिन-२ हे प्रतिकारयंत्रणेचे संदेशवाहक प्रथिन वाढते. मळमळ आणि ग्लानी येते. हा थकवा कुपोषणाचा नव्हे, प्रतिकारयंत्रणेच्या खवळण्याचा.

निदानासाठी टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची रक्तचाचणी आणि प्रौढांत सहसा दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा तपासतात. गहू बंद करून पाहावा आणि मग तपासणी करावी, हा उलटा क्रम घात करतो: प्रतिपिंडे उतरतात आणि अहवाल फसवा येतो.

भारतात हा रोग गव्हाच्या पट्ट्यात अधिक आढळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के निघाले. मुंबईच्या उपनगरांत गव्हाचे आणि भाताचे अशी दोन्ही ताटे शेजारी नांदतात. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत रोटली, ठेपले, खाखरे. मराठी घरांत भात-भाकरीच्या जोडीला पोळी. आणि स्टेशनबाहेर सर्वांना सामाईक वडापाव.

आजन्म ग्लुटेनमुक्त आहार हाच आजवरचा प्रस्थापित उपचार. तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि नाचणी हाताशी असल्याने तो सोपा वाटतो, पण घोडे अडते पिठाच्या गिरणीत: गव्हामागून त्याच जात्यात ज्वारी पडली की पीठ बाधित होते. उपासाचे पीठ वेगळे दळून घेण्याची अनेक घरांची सवय इथे कामी येते. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा हे उपासाचे जिन्नसही मुळात निर्धोक. मात्र साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर रोजची भिस्त ठेवून रक्त वाढत नाही. बाजारच्या बांधणी हिंगात अनेकदा कणीक किंवा मैदा असतो. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू पडतो, सोया सॉसमध्येही तो असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास आतड्याला इजा होते, असे एका चाचणीत दिसले आहे. पावाचा चतकोर तुकडाही हे ५० मिलिग्रॅम सहज ओलांडतो.

पथ्य सुरू झाल्यावर अनेकांना काही आठवड्यांत ते महिन्यांत तरतरी येते. प्रौढांचे आतडे पूर्ववत व्हायला मात्र वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, आणि काहींचा थकवा पथ्य काटेकोर असूनही उरतो. अशा वेळी आधी लपलेले ग्लुटेन शोधतात. नंतर लोह, ब-१२, थायरॉईड, झोप आणि नैराश्य यांची तपासणी होते.