क्रूझसोबत जमिनीवरची गाइडेड टूर घ्यावी का? रत्नागिरीसमोरून जाणाऱ्या जहाजाचं गणित

मुंबईहून संध्याकाळी निघालेली गोव्याची क्रूझ रत्नागिरीसमोरून जाते, तेव्हा बहुतेक प्रवासी गाढ झोपेत असतात. जहाज तिथे थांबत नाही. सकाळी डोळे उघडतात ते मुरगाव बंदराच्या आसपास. मूळ गाव रत्नागिरी आणि घर डोंबिवली किंवा ठाण्यात, अशा कुटुंबांत क्रूझचं बुकिंग करताना एक प्रश्न हमखास निघतो. एवढा खर्च करतोच आहोत, तर जोडीला जमिनीवरची सहलही घ्यावी का? घ्यायची तर कंपनीची, गाइडसकट, की आपली आपण?

बुकिंगच्या पानावर हा पर्याय एका छोट्या चौकोनात टिक करण्यापुरता असतो, पण त्या एका टिकमागे दोन वेगळ्या गोष्टी असतात.

दोन प्रकारच्या सहली

पहिली म्हणजे ‘शोअर एक्सकर्शन’. जहाज बंदरात उभं असताना काही तासांसाठी बाहेर पडायचं, ठरलेली ठिकाणं पाहायची आणि संध्याकाळी जहाजावर परत यायचं. दुसरी म्हणजे क्रूझच्या आधी किंवा नंतर जोडलेली काही दिवसांची भूभागाची सहल. परदेशात तिला ‘क्रूझटूर’ म्हणतात. अलास्कात प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्या जहाजातून उतरवून प्रवाशांना रेल्वेने देनाली राष्ट्रीय उद्यानाकडे नेतात आणि स्वतःच्या लॉजमध्ये उतरवतात.

पहिल्या प्रकारात खरा प्रश्न वेळेचा असतो. दुसऱ्यात तो दमण्याचा आणि पैशांचा असतो. दोन्हींना एकच उत्तर लावलं की फसगत होते.

बंदरातले आठ तास प्रत्यक्षात किती?

समजा, जहाज सकाळी नऊला धक्क्याला लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार आहे. कागदावर आठ तास दिसतात. पण उतरण्याची रांग, तपासणी आणि बंदराच्या फाटकापर्यंत पोहोचणं यात सुरुवातीचा तासभर जातो. सगळ्यांनी जहाजावर परत असण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. जेवण आणि ट्रॅफिक धरलं तर हातात चारेक तास उरतात.

काही बंदरांत तेवढेही उरत नाहीत. जहाज मोठं आणि धक्का लहान किंवा पाणी उथळ असेल, तर जहाज खोल पाण्यात नांगरतं आणि प्रवासी छोट्या बोटींतून किनाऱ्यावर येतात. याला ‘टेंडर’ म्हणतात. रत्नागिरीकरांना हे नवीन नाही. कोकणची आगबोट समुद्रात उभी राहायची आणि माणसं, बोचकी, आंब्याच्या पेट्या पडावातून ये-जा करायच्या. त्या हिंदकळणाऱ्या पडावात उतरण्याच्या गोष्टी अजून घराघरांत सांगितल्या जातात. आजच्या टेंडर बोटी बंदिस्त आणि सुरक्षित असतात, पण रांग आणि पायऱ्या त्याच. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी बुकिंगआधीच विचारायला हवं, की जहाज धक्क्याला लागणार की टेंडरने जावं लागणार?

इथेच कंपनीच्या टूरचा सर्वात मोठा फायदा दिसतो. क्रूझ कंपनीने नेलेली बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ या जहाजाचे आठ प्रवासी आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर मागे राहिले, कारण त्यांची खासगी सहल वेळेत परतली नाही. जहाज गाठण्यासाठी ते गॅम्बियापर्यंत गेले, पण जहाज तिथे लागूच शकलं नाही. शेवटी सेनेगलमधल्या डकारला त्यांना जहाजावर चढता आलं. त्यासाठी मधले देश स्वखर्चाने पार करावे लागले.

अनोळखी देश, अनोळखी भाषा आणि बंदरापासून लांबचं ठिकाण अशी स्थिती असेल, तर कंपनीची टूर महाग असली तरी घेण्यासारखी असते. गावात पायी फिरता येत असेल, तर तो पैसा वाया जातो.

गोव्यात मात्र हिशेब उलटा

मुंबई–गोवा मार्गावर सध्या ठळक नाव आहे ते कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ जहाजाचं. हे जहाज १९९० सालचं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. भारतात या कंपनीच्या फेऱ्या सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. मुंबईत बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं.

जहाज मुरगावला लागल्यावर मिळणाऱ्या बस टूर साधारण जुनं गोवं आणि पणजी दाखवतात. बॉम जेझूस बॅसिलिका पाहायची असेल तर यात काही गैर नाही. पण अनेक मराठी घरांसाठी गोव्यातलं मुख्य काम वेगळंच असतं. कोणाचं कुलदैवत मंगेशी, कोणाची शांतादुर्गा, कोणाची म्हार्दोळची म्हाळसा. अभिषेक, ओटी, मग देवळातच जेवण. चाळीस जणांची बस यासाठी थांबत नाही. गाइडच्या हातात घड्याळ असतं आणि गुरुजींना घाई नसते. फोंड्याच्या बाजूची ही देवळं मुरगावपासून साधारण तासाभराच्या अंतरावर आहेत, भाषेची अडचण नाही आणि रस्ते माहितीचे आहेत. इथे आदल्या दिवशी ठरवलेली टॅक्सी बरी, फक्त परतीसाठी दीड-दोन तास राखून ठेवायचे.

पैशांचं गणितही इथे सोपं आहे. बस टूरचे पैसे माणशी लागतात, टॅक्सीचे गाडीमागे. पाच जणांच्या कुटुंबाला टॅक्सी जवळपास नेहमीच स्वस्त पडते. दोघंच असतील तर फरक कमी होतो. एकट्या प्रवाशाला बसच परवडते.

रत्नागिरी एका दिवसात उरकता येत नाही

‘गोव्याला उतरल्यावर पटकन रत्नागिरी करून येऊ’ असं कोणी म्हणत असेल, तर तो बेत तिथेच थांबवलेला बरा. रस्त्याने एकाच बाजूला पाच-सहा तास लागतात. रत्नागिरी बंदरातल्या तासांत बसणारी नाही, ती क्रूझच्या आधी किंवा नंतरच जोडावी लागते.

त्यासाठी उत्तम जागा परतीच्या प्रवासात आहे. मुंबई–गोवा एकेरी फेरीही काही तारखांना मिळते. जाताना समुद्राने जायचं, गोव्यात एक रात्र राहायचं आणि येताना मडगाव किंवा थिवीहून कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरायचं. वेगवान गाडीने मडगाव–रत्नागिरी साधारण साडेतीन-चार तासांचं आहे. जून २०२३ पासून धावणारी मुंबई–मडगाव वंदे भारतही रत्नागिरीला थांबते. दोन रात्री रत्नागिरीत काढून मग मुंबई. असं केलं तर परतीच्या जहाजाचं भाडं वाचतं आणि त्यात हे दोन दिवस बऱ्यापैकी निघतात. शिवाय परतीच्या जहाजावर नवीन पाहण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, हेही खरंच.

या दोन दिवसांत गाइड कुठे लागतो आणि कुठे नाही, हे ठिकाणागणिक बदलतं.

गणपतीपुळ्याला गाइडची गरज नाही. आरे-वारेच्या किनाऱ्याने जाणारा रस्ताच अर्धी सहल आहे. दर्शन, डोंगराभोवतीची प्रदक्षिणा, वाटलं तर जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. दक्षिणेला पावसचा स्वामी स्वरूपानंदांचा मठही तसाच, आपला आपण पाहण्याचा. शहरात टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं १९३१ सालचं पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग आणि संध्याकाळची मांडवी जेटी हे सगळं एका रिक्षात होतं. रिक्षावालाच निम्मा गाइड असतो.

थिबा पॅलेसला माहिती सांगणारं कोणी असेल तर फरक पडतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये समुद्रमार्गे रत्नागिरीला आणून ठेवलं. आज दिसणारा राजवाडा १९१० चा, म्हणजे राजाच्या वाट्याला तो जेमतेम सहा वर्षं आला. १९१६ मध्ये त्याचा इथेच मृत्यू झाला आणि समाधीही रत्नागिरीतच आहे. हे माहीत नसेल तर तिथे दिसतं ते फक्त लाल रंगाचं मोठं जुनं घर.

गाइडचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते कातळशिल्पांवर. सड्यावरच्या जांभ्या दगडात कोरलेली माणसं, प्राणी, मासे आणि अजून अर्थ न लागलेल्या आकृत्या. कोकणातली अशी नऊ ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. एक सिंधुदुर्गात कुडोपीला, एक गोव्यात पणसायमळला. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून तो हत्ती आहे हेच आधी कळत नाही. सोंड इथे, पाय तिथे, असं कोणी बोट दाखवून सांगावं लागतं. रत्नागिरीची निसर्गयात्री संस्था या शोधात आणि जतनात वर्षानुवर्षं काम करते आहे.

वेळ मात्र जपावी लागते. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर तिरप्या प्रकाशात रेषा उठून दिसतात. भर दुपारी त्या पुसट होतात, सड्यावर सावलीही नसते. क्रूझला जोडलेल्या एखाद्या पॅकेजमध्ये कातळशिल्पं दुपारी बारा ते एक दाखवणार असतील, तर ते पॅकेज केवळ यादी लांबवण्यासाठी बनवलेलं आहे असं समजावं.

आई-वडील सोबत असतील तर

परदेशातल्या क्रूझटूरमध्ये अनेक मराठी कुटुंबं इथे चुकतात. मुलं अमेरिकेत, आई-वडील रत्नागिरीहून किंवा पुण्याहून आलेले. मुलांना वाटतं, एवढ्या लांब आलेच आहेत तर सगळं दाखवू. क्रूझवर रोज खोली बदलावी लागत नाही, बॅग एकदाच उघडायची असते. ज्येष्ठांना क्रूझ आवडते ती मुख्यतः यासाठी. जमिनीवरची टूर जोडली की तेच सुख जातं: पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, बस, रेल्वे, नवं हॉटेल. देनालीत तर २०२१ पासून दरड सरकल्यामुळे उद्यानातला मुख्य रस्ता ४३व्या मैलाच्या पुढे बंद झाला, त्यामुळे बस टूर पूर्वीइतक्या आत जात नव्हत्या. अशा टूरसाठी पूर्ण पैसे मोजण्याआधी रस्त्याची सध्याची स्थिती विचारायला हवी.

व्हिसाकडेही आधीच पाहावं लागतं. सिएटलहून अलास्काला जाणारं जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतं, पण वाटेत कॅनडातल्या बंदराला लागतं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचाही व्हिसा हवा आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा. भारतातल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करता येतो, पण बुकिंगच्या वेळी खिशातून जातोच.

बुकिंग कोणत्या क्रमाने?

जोडून घेतलेल्या पॅकेजचा एक फायदा किमतीत दिसत नाही. जहाज उशिरा आलं किंवा फेरी रद्द झाली तर पुढची व्यवस्था कंपनी पाहते. वेगवेगळी तिकिटं काढली तर जहाजाच्या उशिरामुळे सुटलेल्या गाडीचे पैसे कोणी परत देत नाही. त्यामुळे जहाज लागण्याच्याच दिवशीचं रेल्वे तिकीट काढू नये.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, क्रूझ मात्र त्याआधीच बुक करावी लागते. मे महिना, गणपती आणि दिवाळीत कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. त्यामुळे या दिवसांत क्रूझचे पैसे भरण्याआधी परतीचा दुसरा मार्ग, निदान बस किंवा गाडीचा, ठरलेला हवा. पावसाळ्यात हा बेत आखूच नये. समुद्र खवळलेला असतो, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागून गाड्या सावकाश धावतात आणि कातळशिल्पं गवताखाली-पाण्याखाली जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आंबा हवा असेल तर एप्रिल-मे, पण मग उन्हाबद्दल तक्रार करायची नाही.

रत्नदुर्गाच्या पायथ्याशी भगवती बंदरात क्रूझ टर्मिनल उभारायला राज्य सरकारने मंजुरी दिलेली आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गला रो-रो सेवेची घोषणाही २०२५ मध्ये झाली. रो-रो म्हणजे क्रूझ नव्हे, गाडीसकट माणसं नेणारी फेरीबोट. मात्र जयगडला उतरलं की गणपतीपुळे अगदी जवळ, वीसेक किलोमीटरवर. ज्यांना समुद्रप्रवास आणि रत्नागिरी दोन्ही हवं आहे आणि गोवा नकोच आहे, त्यांनी क्रूझचे पैसे भरण्याआधी या फेरीचं त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहून घ्यावं.