बर्फ आणि यंत्रें

आपल्या देशांत बर्फ हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांसमोर उन्हाळ्याचे दिवस उभे राहतात. थंडगार सरबताचा पेला, लांकडाच्या भुशांत जपून ठेवलेली लादी, तापकऱ्याच्या कपाळावरील पिशवी, अशा सुखदायक गोष्टींशींच आपण त्याची सांगड घालतों. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागांत असे कित्येक प्रदेश आहेत कीं, तेथील यंत्रचालकाला बर्फ हा दरसाल ठरलेल्या ऋतूंत चालून येणारा शत्रु वाटतो. या शत्रूशीं माणसानें कसकशी झुंज दिली आणि त्या झुंजीपासून कोणता बोध घ्यावयाचा, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आपली कथा नायगारा नदीपासून सुरू होते. ईरी सरोवराचें पाणी ऑंटेरिओ सरोवरांत नेऊन सोडणारी ही नदी लांबीनें अगदीं लहान. पण तिचा धबधबा जगप्रसिद्ध आहे. १८४८ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस एका रात्रीं या धबधब्याचा आवाज एकाएकीं थांबला. ज्यांचें सारें आयुष्य त्या गर्जनेच्या सान्निध्यांत गेलें, ते लोक शांततेनें दचकून जागे झाले. कित्येकांनीं प्रार्थनामंदिरांकडे धाव घेतली. उजाडल्यावर पाहतात तों नदीचें पात्र उघडें पडलेलें! धीट मंडळी त्या खडकाळ तळावरून हिंडलीं आणि १८१२ च्या युद्धांतील शस्त्रांचे अवशेष वेंचून घेऊन आलीं. कांठावरील गिरण्यांचीं चाकें मात्र निश्चल झालीं होतीं. कारण उघड होतें. वाऱ्यानें लोटलेले सरोवरांतील बर्फाचे प्रचंड तुकडे नदीच्या मुखाशीं अडकले व त्यांचा बांध पडला. एका दिवसाहून अधिक काळ नदी अशी कोंडली गेली. मग बांध फुटला आणि पाणी पूर्ववत् गर्जत आलें.

त्या काळीं ही घटना म्हणजे एक नवल होतें; नुकसान झालें तें कांहीं गिरणीवाल्यांचें. पण पुढें पन्नास वर्षांच्या आंतच परिस्थिति पालटली. १८९५ सालीं नायगाराच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणांत वीज उत्पन्न होऊं लागली, आणि १८९६ च्या नोव्हेंबरांत ती वीस मैलांहून अधिक दूर असलेल्या बफेलो शहरांत पोहोंचली. आतां नदी थांबली तर शहराचे दिवे व कारखान्यांचीं यंत्रें थांबणार! निसर्गाचें नवल हें याप्रमाणें नागरिकांचें संकट होऊन बसलें.

आणि बर्फाचा उपद्रव केवळ मोठ्या तुकड्यांचाच असता तरी एक वेळ बरें झालें असतें. त्याहून कपटी असा एक बर्फ आहे, त्याला इंग्रजींत फ्राझिल म्हणतात. कॅनडांतील फ्रेंच लोकांनीं हा शब्द रूढ केला; कोळशाच्या बारीक खरीला त्यांच्या भाषेंत जें नांव आहे, त्यावरून तो आला. आपण या बर्फास हिमकीस म्हणूं. निरभ्र, कडाक्याच्या रात्रीं खळाळत्या उघड्या पाण्यांतील उष्णता आकाशाकडे निघून जाते. पाणी शून्य अंशाच्याही किंचित् खालीं उतरतें, आणि मग पृष्ठभागावर थर न धरतां, पाण्याच्या पोटांतच बर्फाच्या असंख्य सूक्ष्म चकत्या उत्पन्न होतात. या चकत्या ज्या वस्तूस स्पर्श करतील तिला चिकटतात. पाणी यंत्रांत शिरण्यापूर्वीं केरकचरा अडावा म्हणून वीजघरांच्या तोंडाशीं लोखंडी गजांची जाळी बसविलेली असते. संध्याकाळीं मोकळी असलेली ही जाळी पहांटेपर्यंत भिंतीसारखी बुजून जाते. बाहेर नदी भरून वाहत असतांना आंत यंत्र पाण्यावांचून तडफडतें. मग माणसें दांताळीं घेऊन रात्रभर जाळी खरवडीत बसत. पण एकीकडे खरवडावें तों दुसरीकडे बर्फ पुन्हा धरलेलाच!

या कोड्याचा उलगडा ज्यांनीं केला, त्यांत मॉंट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठाचे प्राध्यापक हॉवर्ड बार्न्स यांचें नांव अग्रगण्य आहे. रदरफर्ड मॅकगिल सोडून इंग्लंडास गेल्यावर त्यांच्या मागून पदार्थविज्ञानाच्या त्या आसनावर बसण्याचा मान बार्न्स यांना मिळाला. सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं राहणाऱ्या या पंडितानें प्लॅटिनमच्या तारेचा अतिसूक्ष्म उष्णतामापक घेऊन भर हिवाळ्यांत नदीचें पाणी तपासलें. तेव्हां असें आढळून आलें कीं, हिमकीस धरतो त्या वेळीं पाणी शून्याखालीं गेलेलें असतें तें एका अंशाच्या केवळ कांहीं सहस्रांशांनीं. शाळेंतील साध्या उष्णतामापकावर हा फरक दिसणारही नाहीं. सगळें वीजघर बंद पाडणाऱ्या शत्रूचें बळ तें एवढेंच!

यांतूनच उपायाची दिशा सांपडली. शत्रूचें बळ जर इतकें अल्प, तर त्याला परतविण्यास अग्निकुंड पेटविण्याची आवश्यकता नाहीं. नदी तापविणें अशक्य. पण जाळीचे गज शून्याच्या केंसभर वर ठेवले कीं पुरे. मग हिमकीस त्यांना चिकटत नाहीं, पाण्याबरोबर पुढें निघून जातो. त्याकरितां गजांपाशीं वाफ सोडावी किंवा त्यांतून विजेचा प्रवाह खेळवावा. दुसरा उपाय याहूनही युक्तीचा. वीजघराच्या वरच्या अंगास पाण्याचा वेग कमी करावा, म्हणजे तेथें पृष्ठभागावर बर्फाचा अखंड थर धरतो. तो थर पांघरुणाप्रमाणें खालच्या पाण्याची ऊब राखतो आणि हिमकीस उत्पन्नच होत नाहीं. बर्फानेंच बर्फाचें निवारण! बार्न्स यांचा या विषयावरील ग्रंथ १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. मात्र एक अट त्यांत गृहीत आहे. गज आधीं उबदार ठेवावे लागतात. एकदां जाळी बुजून गेली, म्हणजे मग तीच थोडी उष्णता कवडीमोलाची ठरते.

ज्ञान हाताशीं आलें, तरी निसर्गाचें देणें फिटलें नव्हतें. १९३८ च्या जानेवारींत ईरी सरोवरावर मोठें वादळ झालें. बर्फाचे डोंगरच्या डोंगर धबधब्यावरून खालच्या घळईंत कोसळले आणि तेथें साठून राहिले. धबधब्याच्या पायथ्याशीं, कॅनडाच्या बाजूस, ऑंटेरिओ पॉवर कंपनीचें वीजघर होतें; त्यांत बर्फ व पाणी शिरलें आणि तें बंद पडलें. जवळच १८९८ सालीं बांधलेला पोलादी कमानीचा पूल होता. नवपरिणित जोडप्यांच्या वर्दळीमुळें लोक त्याला मधुचंद्राचा पूल म्हणत. त्याच्या कमानीचे पाय पाण्यापासून फारसे उंच नव्हते. बर्फानें ते रेटले, आणि २७ जानेवारीस सारा पूल खालीं कोसळला. धोका ओळखून वाहतूक आधींच बंद केलेली होती, म्हणून प्राणहानि टळली. १९४१ सालीं त्याच्या जागीं जो नवा पूल उघडला, त्याचे पाय मात्र बर्फ पोहोंचूं शकणार नाहीं इतक्या उंचीवर रोविले आहेत.

अखेर मूळ ठिकाणींच प्रतिबंध करण्याचें ठरलें. १९६४ च्या हिवाळ्यापासून ईरी सरोवराच्या मुखाशीं तरंगत्या ओंडक्यांची एक लांबच लांब सांखळी बांधण्यांत येऊं लागली. तिची लांबी सुमारें पावणेतीन किलोमीटर आहे. लांकडी ओंडक्यांच्या जागीं पुढें पोलादी नळकांडीं आलीं. ही सांखळी बर्फाशीं बळाची परीक्षा करीत नाहीं. शांत हवेंत तिच्या आधारानें बर्फाची नैसर्गिक कमान लवकर बनते व टिकते. वादळ झालें तर बर्फ तिच्या अंगावरून निघून जातो, ती क्षणभर पाण्याखालीं दबते आणि मग पुन्हा वर येते. पुरांत लव्हाळी वांचतात, तोच हा न्याय. ती बांधण्याचा नियमही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बफेलोजवळ सरोवराचें पाणी ४ अंशांपर्यंत थंड झालें, किंवा १६ डिसेंबर उजाडला, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां काम सुरू करतात. म्हणजे पाण्यावर बर्फाचा एकही तुकडा दिसत नसतांनाच माणसें कामाला लागतात.

आतां याच्या अगदीं उलट असें एक उदाहरण पहा. अमेरिकेच्या दक्षिणेस टेक्सस नांवाचें उष्ण संस्थान आहे. उत्तरेकडील वीजघरें भिंतींच्या आंत असतात. टेक्ससमध्यें उष्णता सहज निघून जावी म्हणून पुष्कळ यंत्रें उघड्यावर बांधलेलीं आहेत. १९८९ सालीं तेथें कडक थंडी पडली, यंत्रें गोठलीं. हिवाळ्याची तजवीज करा, असें सांगण्यांत आलें. २०११ सालीं पुन्हा तेंच झालें आणि सविस्तर अहवालानें पुन्हा तेंच सांगितलें. परंतु त्या सूचना बंधनकारक नव्हत्या. खर्च डोळ्यांना दिसत होता, थंडी दिसत नव्हती. मग २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. इंधनवायूच्या विहिरी गोठल्या, वीजघरें गोठलीं. १५ फेब्रुवारीस तर अणुशक्तीवर चालणाऱ्या एका वीजघराचा दोहोंपैकीं एक संच थांबला. कारण काय, तर पाण्याचा दाब मोजणारी एक बारीक नळी गोठली! अशा नळींतील पाणी वाहत नाहीं, म्हणून तें आधीं गोठतें. तिच्याभोंवतीं तापणारी विजेची तार व त्यावर उष्णतारोधक वेष्टन, एवढाच त्याला उपाय असतो. टेक्ससमध्यें पंचेचाळीस लाखांहून अधिक लोकांच्या घरांत अंधार झाला. आणि सरकारी गणनेप्रमाणें २४६ माणसें त्या वादळानें दगावलीं. त्यांतील पुष्कळजण घरांत थंडीनें गारठून मेले. त्यानंतर त्याच वर्षीं वीजघरांना हिवाळ्याची तयारी सक्तीची करणारा कायदा झाला.

श्रोतेहो, बार्न्स यांनीं अंशाचे सहस्रांश मोजले ते निव्वळ जिज्ञासेनें नव्हे. वेळेवर दिलेली थोडीशी ऊब पुरते, हें त्यांनीं सिद्ध केलें, आणि टेक्ससमध्यें हें ज्ञान अज्ञात नव्हतें. तेथें उणीव भासली ती ज्ञानाची नव्हे, तर तें आचरणांत आणण्याची. घराला आग लागल्यावर नव्हे, आग लागण्यापूर्वींच विहीर खणावी, असें आपले वाडवडील सांगत आले. इतिहास घडून गेलेल्या गोष्टी सांगतो खरा. पण ज्याला दोनदां इशारा मिळाला आणि तरी जो स्वस्थ बसला, त्याची गोष्ट प्रत्येक गांवाला, प्रत्येक घराला आपल्यापुरती वाचून घेतां येते. थंडी पडण्यापूर्वीं नळीला पांघरूण घालणारा मनुष्य कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, कारण त्यानें टाळलेलें संकट कोणीं पाहिलेलेंच नसतें. तरीही समाज जगतो तो त्याच्याच आधारावर.