मर्जी कोणाची? बसऱ्याच्या इतिहासातील एक धडा



ज्याचे आयुष्य कारखान्याच्या फाटकाशी गेले, त्याने इस्लामच्या इतिहासावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. त्याला कारण काही शब्द झाले. आमचा कामगार रजेचा अर्ज करतो, मुकादमाची मर्जी सांभाळतो. साहेब नाराज झाला की त्याच्या पोटात गोळा येतो. तडजोडीला तो राजी होतो, आणि अगदीच असह्य झाले म्हणजे राजीनामा लिहून देतो. रजा, मर्जी, नाराज, राजी, राजीनामा या सर्वांच्या मुळाशी एकच अरबी धातू आहे. त्याचा अर्थ संतुष्ट होणे. फारसीच्या वाटेने हे शब्द आपल्या दरबारात आणि तेथून बाजारात आले. त्याच धातूचा 'रिझवान' हा शब्द कुराणात ईश्वराच्या प्रसन्नतेसाठी येतो. एकच धातू परमेश्वरालाही लागतो आणि मुकादमालाही लागतो! मग माणसाने मर्जी राखायची ती कोणाची? इस्लामच्या पहिल्या दोन-अडीच शतकांत हा प्रश्न फार तीव्रतेने विचारला गेला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम कल्पना समजून घेऊ. कुराणाच्या नवव्या अध्यायात श्रद्धावंतांना स्वर्गातील उद्यानांचे आश्वासन दिलेले आहे. पण ईश्वराची प्रसन्नता त्याहून मोठी, असेही लगेच सांगितलेले आहे. अन्यत्र ईश्वर भक्तांवर संतुष्ट आणि भक्त ईश्वरावर संतुष्ट, असे दुहेरी नाते वर्णिलेले आहे. म्हणजे ही मर्जी एकतर्फी नव्हे. भीतीचेही तसेच. 'तक्वा' या शब्दाचे भाषांतर आपण ईशभय असे करतो, पण मूळ धातूचा अर्थ स्वतःला जपणे असा आहे. काट्यांच्या वाटेने जाणारा माणूस जसा वस्त्र सावरून पाऊल टाकतो तसे वागणे, अशी उपमा जुने भाष्यकार देतात. या भीतीत थरकाप आहे, त्याहून अधिक सावधपणा आहे.

आता इतिहासाकडे वळू. इ. स. ६६१ मध्ये दमास्कस येथे उमय्या घराण्याची सत्ता आली. हे खलिफा स्वतःस ईश्वराचे प्रतिनिधी म्हणवून घेऊ लागले. या पदवीतील मेख ध्यानात घ्या. राजा ईश्वराचा प्रतिनिधी ठरला, की राजाची खप्पामर्जी हीच ईश्वराची खप्पामर्जी होऊन बसते. मग जुलमाविरुद्ध बोलणे हे पाप ठरते.

हे समीकरण मानण्यास ज्यांनी नकार दिला, त्यांत बसऱ्याचे हसन अग्रगण्य होत. बसरा म्हटले की आपल्याला मोती आठवतात. तेव्हा ते इराकमधील लष्करी ठाण्यातून वाढलेले गजबजलेले शहर होते. हसन यांचा जन्म ६४२ चा, मृत्यू ७२८ चा. वडील युद्धात पकडले जाऊन गुलाम झालेले व पुढे मुक्त झालेले. आई पैगंबरांच्या एका पत्नीच्या घरची दासी. अशा घरातला हा पुरुष अखंड ईश्वराच्या भीतीत वावरे. नुकतेच कोणाला पुरून आल्यासारखा त्यांचा चेहरा दिसे, असे चरित्रकार लिहितात. परंतु याच भित्र्या माणसाने इराकचा कठोर सुभेदार हज्जाज याच्यावर टीका केली, आणि त्याच्या रोषामुळे ७१४ साली तो मरेपर्यंत हसन यांना काही वर्षे लपून राहावे लागले.

पुढे इब्न हुबैरा हा सुभेदार आला. खलिफाचे हुकूम अन्यायाचे असले तरी पाळावेत काय, असे त्याने विद्वानांना विचारले. हसन यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ईश्वर तुला खलिफापासून वाचवू शकेल, खलिफा मात्र तुला ईश्वरापासून वाचवू शकणार नाही. तेव्हा कोणाला भ्यायचे ते तूच ठरव. एका मोठ्या भीतीने अनेक लहान भीतींना कसे पळवून लावावे, याचा हा नमुना होय.

ही परंपरा तेथेच थांबली नाही. कूफ्याचे कापडव्यापारी व महान कायदेपंडित अबू हनीफा यांनी न्यायाधीशपद नाकारले, आणि ७६७ साली बगदादच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला, असे सांगतात. ८३३ पासून खलिफांनी धर्मसिद्धांताच्या एका प्रश्नावर विद्वानांकडून सक्तीने कबुली घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा अहमद इब्न हनबल यांनी फटके खाल्ले, पण होकार दिला नाही.

याच बसऱ्यात राबिया नावाची साध्वी होऊन गेली. मृत्यू ८०१ चा. ती लहानपणी गुलाम म्हणून विकली गेली होती, अशी कथा आहे. तिच्या बहुतेक कथा पुष्कळ नंतर लिहिल्या गेल्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी तिच्या नावाने चालत आलेला विचार विलक्षण आहे. नरकाच्या भयाने केलेली भक्ती नको आणि स्वर्गाच्या लोभाने केलेलीही नको. ईश्वर हवा तो ईश्वरासाठीच. जिची एकदा बाजारात किंमत झाली, तिनेच भक्तीतला सौदा नाकारावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

तथापि ही सारी अंतरंगातलीच गोष्ट होती असे नव्हे. बसऱ्यातच जन्मलेले मुहासिबी (मृत्यू ८५७) यांचे नावच मुळी आत्म्याचा रोजचा हिशेब मांडण्यावरून पडले. आपला 'हिशेब' शब्दही त्याच धातूचा. या हिशेबात मजुरीही येत होती. बुखारी (८१०–८७०) यांच्या संग्रहात एक वचन आहे. अखेरच्या निवाड्याच्या दिवशी ईश्वर ज्या तिघांचा प्रतिपक्षी होईल, त्यांत मजुराकडून काम पुरे करून घेऊन मजुरी बुडविणारा एक आहे, असा त्याचा आशय. ईश्वराच्या अवकृपेची इतकी रोकडी व्याख्या मी अन्यत्र क्वचितच वाचली आहे.

पण येथे टाळ्या वाजवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच बसऱ्याच्या परिसरात आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम तुटपुंज्या अन्नावर खारवट जमिनीचा थर खरवडीत होते. ८६९ साली त्यांनी बंड केले. ते ८८३ पर्यंत, चौदा वर्षे चालले. ८७१ मध्ये बसरा लुटले गेले. बंडाच्या नेत्यानेही आपल्या निशाणावर कुराणातील वचनच लिहिले होते; आणि त्याच्या माणसांनी पुढे स्वतः गुलाम धरले. हसन यांच्याबद्दलही हे सांगितले पाहिजे, की जुलमी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणे त्यांना मान्य नव्हते. ते सबूर धरण्यास सांगत. संघटनेच्या माणसाला हे पटणे कठीण. ईशभयाने काहींना निर्भय केले, तसे पुष्कळांना नुसते सोसायलाही शिकविले. खाजणातील मजुराचे नाव मात्र सज्जनांच्याही हिशेबात आले नाही.

तरीही या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. ईश्वराच्या नाराजीची भीती खरी की खोटी, हे कसे ओळखावे? ज्या भीतीने माणूस बलवंतापुढे वाकतो, ती मालकाचीच भीती; तिला ईश्वराचे नाव दिलेले असते इतकेच. ज्या भीतीने तो दुबळ्याच्या हक्काला हात लावण्यापूर्वी थबकतो, ती खरी. मी स्वतः नमाज पढणारा नव्हे, आणि पूजेतही फारसा रमणारा नव्हे. पण संपाच्या आदल्या रात्री थरथरत्या हाताने सही करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांतील कोणी अल्लाचे नाव घेई, कोणी विठ्ठलाचे. नाव घेतल्यावर हात स्थिर होई. त्या क्षणापुरती मुकादमाची मर्जी त्यांच्या लेखी राहिलेली नसे. बसऱ्याच्या हसन यांना तो हात ओळखू आला असता, असे मला वाटते.