मोटार, पेट्रोल आणि गिऱ्हाइकाची मर्जी



“गिऱ्हाईक मागते तेच आम्ही बनवतो,” असे कारखानदार सांगत आला आहे. वाटाघाटींच्या टेबलाशी बसून मी हे वाक्य पुष्कळदा ऐकले आहे. त्यात अर्धे सत्य असते, म्हणूनच ते खोडून काढणे जड जाते. धडधडीत खोटे बोलणाऱ्याशी भांडणे त्या मानाने सोपे. आपल्याकडे गाडी घेणारा मनुष्य आधी ‘ॲव्हरेज किती देते?’ असे विचारतो आणि मग रंग पाहतो. अमेरिकेत हा प्रश्न कित्येक वर्षे फारसा कोणी विचारतच नव्हते. का विचारत नव्हते, आणि विचारू लागल्यावर पुन्हा का विसरले, एवढ्याच गोष्टीचा आज विचार करायचा आहे.

प्रारंभ १९४९ पासून करू. महायुद्ध संपले होते आणि डेट्रॉइटच्या तीन मोठ्या कंपन्या, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर, गाड्या लांब व जड करण्याच्या मार्गाला लागल्या होत्या. त्या वर्षीच्या जानेवारीत तिथल्या मोटार कामगारांच्या संघटनेने, युनायटेड ऑटो वर्कर्सने, आपल्या मासिकात एक लेख छापला. वॉल्टर रॉयथर तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते. सामान्य माणसाला लहान, स्वस्त गाडी हवी आहे, ती बनवा, असे त्या लेखाचे म्हणणे. टेनेसी विल्यम्सच्या तेव्हा गाजत असलेल्या नाटकाच्या नावावर कोटी करून लेखाचे नाव ठेवले होते. कामगारांच्या मासिकातही विनोदाला जागा असते, हे आपल्याकडील काही संपादकांनी ध्यानात घ्यावे!

मालकांनी अर्थातच लक्ष दिले नाही. काय बनवायचे हे ठरवणे मालकाचा अधिकार, आणि मजुरी किती एवढेच बोलणे कामगाराचे काम, अशी ती वाटणी होती. १९५० साली जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा प्रसिद्ध करार झाला, त्यात पगारवाढ मिळाली, निवृत्तिवेतन मिळाले. गाडी कोणती काढायची हा प्रश्न मात्र मालकाच्याच खोलीत राहिला. लहान गाडीची भूक होती, हे जर्मनीच्या फोक्सवॅगनने आणि अमेरिकन मोटर्सच्या रॅम्बलरने पुढल्या दहा वर्षांत दाखवून दिले. तेव्हा १९५९ च्या शरदात तिन्ही कंपन्यांनी घाईघाईने आपापल्या लहान गाड्या काढल्या. पण पेट्रोल स्वस्त होते आणि मोठ्या गाडीमागे नफाही मोठा. हळूहळू गाड्या पुन्हा फुगल्या.

मग १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. अरब तेल-उत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेला तेल बंद केले. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या जवळ गेला. पंपांवर रांगा लागल्या, महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. त्याच गिऱ्हाइकाला आता लहान गाडी हवी झाली. पण कारखाने असे चुटकीसरशी वळत नाहीत. साचे बदलायला वर्षे लागतात; कामगाराला ले-ऑफ देऊन घरी पाठवायला एक दिवस पुरतो. मागणीचा वारा फिरला की पहिला तडाखा कोणाला बसतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेले सापडते.

२२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऊर्जाविषयक कायद्यावर सही केली. या कायद्याची खुबी नीट समजून घेतली पाहिजे. मोठी गाडी बनवू नका, असे तो म्हणत नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींची सरासरी काढायची, आणि ती १९७८ साली गॅलनला १८ मैल, १९८५ साली २७.५ मैल भरली पाहिजे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा; म्हणजे लिटरला साडेसातावरून पावणेबारा किलोमीटरांपर्यंत यायचे. सरासरी विक्रीवर ठरत असल्याने गिऱ्हाईक काय घेते ही आता कंपनीचीच डोकेदुखी झाली. मोठ्या गाड्या विकायच्या तर लहानही खपवल्या पाहिजेत, प्रसंगी किंमत उतरवून. आणखी एक कलम होते: देशात बनवलेल्या व आयात केलेल्या गाड्यांची सरासरी वेगवेगळी धरायची. हे कलम कामगार संघटनेने आग्रहाने घालून घेतले. नाही तर कंपन्यांनी लहान गाड्या परदेशातून आणून हिशेब जुळवला असता आणि इथले कारखाने ओस पडले असते. हे मला त्या संघटनेचे मोठे काम वाटते.

तेलाचा भाव स्थिरावताच १९७६-७७ मध्ये गिऱ्हाईक मोठ्या गाडीकडे परतले, हेही सांगितले पाहिजे. कारखानदाराचे अर्धे सत्य ते हे. पण १९७९ साली इराणात क्रांती झाली, पुन्हा रांगा लागल्या आणि मोठ्या गाड्या विक्रेत्यांच्या अंगणात गंजत उभ्या राहिल्या. क्रायस्लर बुडायला आली. जानेवारी १९८० मध्ये सरकारने तिच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. त्या बदल्यात कामगारांना ४६ कोटी डॉलरहून अधिक मजुरीवर पाणी सोडावे लागले. संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना कंपनीच्या संचालक मंडळावर एक खुर्ची मिळाली. ती १९४९ साली मिळती तर तिचा काही उपयोग होता.

पुढचा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. सरकारनेही मोटारींची मर्यादा २७.५ वरून २६ वर आणली. कायद्यात हलक्या ट्रकांची सरासरी निराळी व सैल होती, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचे आणि सुताराचे अवजार, असा समज. मग कंपन्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर घरगुती गाडी बसवली, आत मऊ गाद्या घातल्या आणि शहरातल्या कुटुंबाला विकली. १९९० साली फोर्डची एक्सप्लोरर आली ती अशीच. पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर १९७८ च्या कायद्याने बसवलेला कर या गाड्यांना लागू नव्हता. साडेआठ हजार पौंडांहून अधिक भारक्षमतेच्या गाड्या तर अनेक वर्षे सरासरीतच धरत नसत. शिवाय परदेशी ट्रकांवर २५ टक्के जकात होती. ती का? युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून १९६३ साली चिडून बसवलेली! कोंबडीचे भांडण मिटले, ट्रकावरची जकात राहिली. अशा कुंपणाआड नफा गडगंज होता आणि जाहिरातींचा सारा जोर तिकडेच वळला. आता सांगा, ही ‘गिऱ्हाइकाची इच्छा’ कोणत्या मातीत उगवली?

आकडे बोलके आहेत. नव्या गाड्यांची सरासरी १९७५ साली गॅलनला १३.१ मैल होती, १९८७ साली ती २२ झाली, आणि २००४ साली १९.३ वर घसरली. त्या सतरा वर्षांत इंजिने सुधारली नाहीत असे नव्हे. सुधारणा झाली ती वजन वाहण्यात आणि वेगात खर्च झाली. २००२ साली सिनेटमध्ये ही मर्यादा वाढवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कंपन्यांच्या बरोबरीने कामगार संघटनाही विरोधात उभी राहिली. ट्रकचे कारखाने ओव्हरटाइमवर चालत होते. सभासदाच्या घरात येणारा पैसा पुढाऱ्याला दिसतो, तसा तो मलाही दिसला असता. तरीही १९४९ चे पुढारी अधिक दूरचे पाहत होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या साऱ्या फेऱ्या मिशिगनमधील वेन गावच्या एका फोर्ड कारखान्यात पाहायला मिळतात. १९५७ साली तो कुटुंबाच्या लांबट स्टेशन वॅगन बनवायला उघडला. मग तिथे ब्राँको आली, १९९६ पासून अजस्र एक्सपिडिशन. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेले आणि लहान फोकस गाडीसाठी कारखाना बदलायचे ठरले. पुढल्या वर्षी जनरल मोटर्स व क्रायस्लर यांनी दिवाळे काढले, आणि नव्या कामगाराला कमी मजुरीची निराळी श्रेणी, ही २००७ च्या करारातली पद्धत पक्की झाली. पेट्रोल स्वस्त झाले. २०१८ साली फोकस तिथून गेली, रेंजर ट्रक आला, त्यामागून २०२१ मध्ये पुन्हा ब्राँको. २०२५ च्या जुलैत तर सरासरी न गाठल्याबद्दलचा दंडच कायद्याने शून्यावर आणला गेला.

त्याआधी, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, मोटार कामगारांनी तिन्ही कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप पुकारला. सुरुवातीला जे तीन कारखाने बंद केले, त्यांत वेनचा हा कारखाना होता. मागण्यांत त्या दोन श्रेणी मोडण्याची मागणी होती. सहा आठवड्यांच्या आत फोर्डशी तडजोड झाली: करार संपेपर्यंत २५ टक्के पगारवाढ, आणि नव्या कामगाराला वरच्या दरापर्यंत पोहोचायला आठऐवजी तीन वर्षे. गाडी कोणती बनवायची, हा विषय याही वेळी मालकाच्याच खोलीत राहिला.